आधी नांगर, शेवटी खत

श्रीलंकेने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आणि कीटकनाशकांची आयात एका फटक्यात बंद केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हा निर्णय गुंडाळला. मधल्या काळात भाताचं पीक आपटलं, चहाच्या मळ्यांचं गणित विस्कटलं आणि तांदळात बऱ्यापैकी स्वयंपूर्ण असलेल्या देशावर तांदूळ बाहेरून आणण्याची पाळी आली. आपल्याकडे या प्रकरणाचा वापर दोन्ही बाजूंनी झाला. रासायनिक शेतीचे पुरस्कर्ते म्हणाले, बघा, खतावाचून भागत नाही. सेंद्रियवाले म्हणाले, घाई नडली. शिवाय डॉलरची टंचाई हेच खरं कारण होतं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण शेतकऱ्याच्या कामाचा धडा तिसराच आहे. तिथे क्रम चुकला. जमिनीचा कस परत आणायच्या वाटेवर खत कमी करणं हा शेवटचा टप्पा आहे आणि श्रीलंकेने सुरुवातच तिथून केली. आपल्या गावांतूनही कुणी हौसेने, कुणी कर्जाला वैतागून नेमकं हेच करतो. एका जूनमध्ये खत बंद करतो, दोन हंगाम मार खातो आणि तिसऱ्या जूनमध्ये गुपचूप कृषी सेवा केंद्राच्या उधारीच्या वहीत परत जातो. त्याच्याकडे बघून शेजारचे दहाजण ठरवतात की हे आपलं काम नाही. माझं म्हणणं असं की कोरडवाहू शेतकऱ्याने आधी नांगर आणि काडेपेटी सोडावी, मग बेवड, म्हणजे पिकांचा फेर, बदलावा आणि युरियाच्या गोणीला हात सगळ्यात शेवटी लावावा. या क्रमाने गेल्यास घरखर्चाला धक्का न लावता जमीन सुधारता येते. उलट्या क्रमाने गेल्यास जमीन सुधारण्याआधी माणूस मोडतो.

हे सगळ्या महाराष्ट्राला सारखंच लागू पडेल असा दावा नाही. द्राक्षाची बाग, कोकणातला आंबा, पाटाखालचा ऊस यांची गणितं वेगळी. डोळ्यांसमोर आहे तो विदर्भ-मराठवाड्यातला पाच एकरांचा कास्तकार: काळी किंवा मध्यम काळी जमीन, विहीर असलीच तर जानेवारीपर्यंत पुरणारी, पीक कापूस, सोयाबीन आणि तूर. त्याच्या रानाचं वर्ष ठरलेलं आहे. जानेवारी-फेब्रुवारीत कापसाची पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग लावायचा आणि पेटवायचा. सोयाबीनचं कुटार मळणीयंत्राच्या तोंडाशीच पडतं. गुरं असली तर घरी जातं, नसली तर तेही जळतं. मार्च-एप्रिलमध्ये ट्रॅक्टरने नांगरट, मे महिन्यात वखर किंवा रोटाव्हेटर, आणि मग जून उजाडेपर्यंत रान उघडंबोडकं उन्हात. जूनच्या पहिल्या दोन-चार जोरदार सरी या भुसभुशीत, मोकळ्या मातीवर पडतात आणि वर्षभरातली सगळ्यात मोठी धूप तेव्हाच होते. एवढी उस्तवार करून शेतकरी दरवर्षी आपल्याच खिशातला पैसा आपल्याच रानातल्या मातीसकट ओढ्याला लावून देतो, असं म्हटलं तर कठोर वाटेल. पण जमाखर्च मांडला की तसंच दिसतं.

नांगरटीमागे कारणं आहेत, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. हरळी, कुंदा, लव्हाळा यांच्या गाठी वर येऊन वाळतात. किडींचे कोष उन्हात आणि पक्ष्यांच्या तोंडी सापडतात. उन्हाळी खोल नांगरटीची शिफारस कृषिखातंही वर्षानुवर्षं करत आलं आहे. प्रश्न आहे तो दरवर्षी, सगळ्या रानावर, सवयीने करण्याचा. काळ्या जमिनीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिल-मेमध्ये तिला हातभर खोल भेगा पडतात. वरचा भुसा त्या भेगांत पडतो, खालची माती पुढे वर येते. म्हणजे ही जमीन थोडीफार स्वतःच स्वतःला नांगरते. हे काम फुकटात होत असताना आपण त्यासाठी डिझेल जाळतो. त्यात रोटाव्हेटर आल्यापासून आणखी एक दुखणं आलं. त्याची पाती दरसाल त्याच चार-पाच इंचांवर फिरतात, वरची माती पीठ होते आणि खाली घट्ट थर बसतो. ऑगस्टमध्ये कुदळीने दीड फुटाचा खड्डा घेतला तर हा थर डोळ्यांनी दिसतो: सोयाबीनचं सोटमूळ तिथवर सरळ येतं आणि मग आडवं वळतं. दुसरी एक परीक्षा आणखी सोपी. नांगरलेल्या रानातलं एक वाळलेलं ढेकूळ आणि धुऱ्यावरच्या गवताखालचं एक ढेकूळ घ्यायचं, दोन काचेच्या पेल्यांत पाण्यात सोडायचं. पहिलं बघता बघता विरघळतं, पाणी गढूळ होतं. दुसऱ्यातून बुडबुडे येतात, पण ते बराच वेळ आपला आकार धरून बसतं. दोन्हींत चिकणमाती तीच. दुसऱ्यातले कण मुळांच्या तंतूंनी, बुरशीच्या धाग्यांनी आणि त्यांच्या चिकट स्रावांनी बांधलेले असतात. नांगर तेच बांधकाम मोडतो, आतला सेंद्रिय कर्ब हवेला उघडा पाडतो आणि सूक्ष्मजीव तो झपाट्याने खाऊन टाकतात. नांगरलेल्या वर्षी पीक जोमदार दिसतं त्याचं एक कारण हेही आहे. ती ठेव मोडून आलेली रक्कम असते.

आता क्रमाच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रक्षेत्रावर 1976 पासून काळ्या जमिनीत एक प्रयोग चालू आहे. एका पाणलोटात जुनी रीत ठेवली: पावसाळ्यात रान पडीक, रब्बीत ज्वारी किंवा हरभरा, रासायनिक खत नाही, एक वर्षाआड हेक्टरी दहा टन शेणखत. शेजारच्या पाणलोटात उताराला धरून रुंद वरंबे आणि सऱ्या, पावसाळ्यातच पेरलेली ज्वारी आणि तिच्यात तूर, बांधावर गिरिपुष्प, आणि हेक्टरी 60 किलो नत्र, 20 किलो स्फुरद. तीस वर्षांची सरासरी काढली तेव्हा जुन्या रीतीत धान्य हेक्टरी साधारण 1.1 टन निघालं आणि सुधारित रीतीत 5.1 टन. माती वाहून जाण्याचं प्रमाण जुन्या रीतीत सुमारे साडेसहा टन, सुधारित रीतीत दीड टनाच्या आसपास. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. कर्बसुद्धा सुधारित रानातच जास्त साठला, दर हेक्टरी दर वर्षी सुमारे 335 किलो जास्त. म्हणजे निव्वळ शेणखतावर चाललेलं, रसायनाचा कणही न पाहिलेलं रान कर्बात मागे पडलं आणि माफक खत घातलेलं, डाळवर्गीय पीक असलेलं, पाणी अडवणारं रान पुढे गेलं. हा निकाल रासायनिक खताच्या जाहिरातीत वापरण्यासारखा नाही, कारण फरक एकट्या खताने पडलेला नाही. वरंब्यांनी, तुरीने, पावसाळ्यात रान झाकलेलं असण्याने तो पडला. पण खताला शत्रू ठरवून सुरुवात करणाऱ्यांनाही तो पचायला जडच आहे.

असं का होतं हे हिशोबाने कळतं. एक एकराचा वरचा अर्धा फूट धरला तर मातीचं वजन सुमारे आठ लाख किलो भरतं. तिच्यातला सेंद्रिय कर्ब 0.4 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यांवर न्यायचा म्हणजे आठशे किलो कर्ब जमिनीत टिकून राहायला हवा. हा टिकाऊ कर्ब नुसता राहत नाही. त्याच्या दर दहा-बारा किलोंमागे एक किलो नत्र अडकून पडतं. आठशे किलो कर्बामागे सत्तर किलोंच्या आसपास नत्र लागतं, म्हणजे युरियाच्या 45 किलोंच्या जवळपास साडेतीन गोण्या. हे नत्र कुठून तरी यावं लागतं: कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतून, शेणामुतातून किंवा गोणीतून. ते मिळालं नाही तर रानात टाकलेला काडीकचरा कुजताना पिकाच्या तोंडचं नत्र ओढून घेतो, पानं पिवळी पडतात, आणि शेतकरी म्हणतो आच्छादनाने पीक गेलं. खरं तर आच्छादन टाकलं त्याच वर्षी त्याने खतही बंद केलेलं असतं. जमीन घडवायचीय तेव्हा तिला नेहमीपेक्षा थोडं जास्तच नत्र हवं असतं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण कर्बाचं रसायन तसंच आहे.

इथे जीवामृताचा विषय टाळून चालणार नाही. जीवामृताचा प्रसार करणारे अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर, ज्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी हजारो शेतकऱ्यांना उधारीच्या दुकानाबाहेर विचार करायला लावलं, हे श्रेय मोठंच आहे. पण दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन घातल्यावर त्यात नत्र किती असतं, हा साधा गुणाकार आहे. शेणातलं, मुतातलं आणि बेसनातलं मिळून ते पाव किलोच्या आतबाहेर भरतं. हंगामात चार वेळा दिलं तरी एकरी किलोभर. आठ क्विंटल कापूस पिकवायला रानातून जाणारं नत्र याच्या तीस-चाळीस पट असतं. जीवामृत विरजणासारखं काम करतं असं समर्थक म्हणतात, आणि विरजण म्हणून त्याचा विचार जरूर व्हावा. पण विरजण लावायला आधी दूध असावं लागतं. रानात पालापाचोळा नाही, कडधान्य नाही, गुरं नाहीत आणि पिंप मात्र आहे, अशी शेती चार-सहा वर्षं जुन्या शिलकीवर चालते आणि मग बसते. यवतमाळचे सुभाष शर्मा, ज्यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यासारख्यांच्या नैसर्गिक शेतीत बारकाईने बघितलं तर गुरं, झाडं, अडवलेलं पाणी आणि हिरवळीचं खत यांची भरभक्कम जोड दिसते. लोक तिथून फक्त खत न घालण्याची गोष्ट उचलून आणतात.

आता पैशाचं. शेतकऱ्याच्या तोंडी हिशोब असतो तो उताऱ्याचा: एकरी किती पोती. जमीन बदलायला निघालेल्याने दुसरा हिशोब धरायला हवा: एकरी हातात किती उरलं, आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी किती बुडालं. उदाहरणासाठी आकडे धरून चालू. सोयाबीन एकरी 8 क्विंटल, बाजारात 4200 रुपये भाव. 2024 च्या हंगामात हमीभाव 4892 होता आणि बाजार समित्यांत दर बहुतेक काळ त्याच्या खालीच रेंगाळले, तेव्हा हा भाव कल्पनेतला नाही. उत्पन्न 33,600. खर्च 24,000 धरला तर उरतात 9,600. आता समजा मशागत सोडल्याने पहिल्या वर्षी एक क्विंटल घटला. उत्पन्न 29,400. खर्चात 4,200 वाचले तर शेतकरी जिथल्या तिथे राहतो, आणि नांगरट, रोटाव्हेटर, पाळी मिळून साडेतीन-चार हजार रुपये तिथल्या तिथेच वाचतात. म्हणजे नांगर सोडण्याने एक क्विंटलची घट जवळपास भरून निघते. खत सोडण्याचं काय? समजा दोन-अडीच हजारांचं खत वाचलं आणि पीक तीन क्विंटलने घसरलं. मग बारा हजार सहाशेचं भोक पडतं, त्याला कुठलीच बचत पुरत नाही. कुठली गोष्ट आधी सोडायची, याचं उत्तर तत्त्वज्ञानात शोधायची गरजच नाही. ते या वजाबाकीत आहे. आणि दुष्काळी वर्षाची वजाबाकी आणखी बोलकी आहे. पीक गेलं तर 24,000 खर्च केलेल्याचे 24,000 बुडतात, 20,000 केलेल्याचे 20,000. पाच एकरांवर हा फरक वीस हजारांचा. सावकाराच्या दारी जायचं की नाही हे अनेक घरांत तेवढ्याच रकमेवर ठरतं.

हा विचार फक्त कागदी नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मैदानी राज्यांत लाकॅन आणि लुंडग्रेन या दोघांनी मक्याची शेतं तपासली आणि 2018 मध्ये निष्कर्ष छापले. नांगरट टाळणाऱ्या, आच्छादन पिकं घेणाऱ्या, गुरं चारणाऱ्या शेतांत धान्य 29 टक्क्यांनी कमी निघालं आणि नफा 78 टक्क्यांनी जास्त झाला. नफ्याचा मेळ उताऱ्याशी लागला नाही, जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थाशी लागला. मात्र या आकड्याच्या प्रेमात पडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या नफ्यात खर्चाच्या बचतीइतकाच, चढ्या भावाने आणि थेट गिऱ्हाइकाला विकण्याचाही वाटा होता. वाशिमच्या बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगाला कोण विचारतो की तुझा कर्ब किती? म्हणून आपल्याकडे चढ्या भावावर योजना बांधू नये. मिळाला तर वरकड.

उतारा घटला तर देश खाणार काय, हा आक्षेप हमखास येतो. त्याला ठोस उत्तर आहे. विनानांगरणीवरच्या 610 अभ्यासांतल्या पाच हजारांहून अधिक तुलना एकत्र करून पिटेलकाव आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात निकाल मांडला. सगळ्या तुलना मिळून बघितलं तर नांगरणी थांबवल्याने उतारा सरासरी 5.7 टक्क्यांनी घटतो. अवशेष रानात ठेवले आणि पीक फेरपालट केली तर घट 2.5 टक्क्यांवर येते. आणि कोरड्या हवामानात, पावसावरच्या शेतीत या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तर उतारा 7.3 टक्क्यांनी वाढतो. यातला शेवटचा आकडा आपल्यासाठी आहे, आणि त्यातली अटसुद्धा. तीनपैकी एकच गोष्ट केली तर हातात घटच येते. ओलिताच्या, थंड प्रदेशातल्या शेतकऱ्याला हा सौदा तोट्याचा पडू शकतो. आपल्या पावसावरच्या शेतीत पाण्याचा एक ताण टळला तरी सौदा जमतो, कारण ऑगस्टमधली पंधरा-वीस दिवसांची उघडीप हीच इथे पिकाची खरी वैरीण आहे. मात्र इथेही फुगवून सांगू नये. कर्ब एक टक्क्याने वाढला की जमीन लाखो लिटर पाणी जास्त धरते, असं व्याख्यानांत सर्रास ऐकू येतं. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी यांनी 2018 मध्ये जगभरचे आकडे तपासून दाखवलं की एवढ्या वाढीने मातीच्या दर 100 मिलिमीटर थरात पिकाला उपलब्ध पाणी सरासरी एक-सव्वा मिलिमीटरच वाढतं. फायदा येतो तो दुसरीकडून: पाणी वाहून जाण्याऐवजी मुरतं आणि झाकलेल्या रानातून वाफ कमी होते. त्यासाठी कर्ब वाढायची वाट पाहावी लागत नाही. कुटार पसरलेल्या दिवसापासून ते सुरू होतं.

खरी अडचण तणाची आहे, आणि नांगर सोडा म्हणणाऱ्यांनी ती पुरेशा प्रामाणिकपणे कबूल केलेली नाही. नांगर थांबला की पहिली दोन-तीन वर्षं तण उसळतं. मग एकतर निंदणीला बायका लावा किंवा तणनाशक मारा. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी बसवलेलं एसआरटी तंत्र बघा: एकदा केलेले गादीवाफे वर्षानुवर्षं ठेवायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, लोखंडी साच्याने खुणा करून टोकण, कापणीनंतर बुडखे आणि मुळं जमिनीतच कुजू द्यायची. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी ऊसात आणि इतर पिकांत जवळपास याच दिशेने काम केलं आणि तणालाच खत मानायला शिकवलं. दोन्ही ठिकाणी तणनाशकाला जागा आहे. सेंद्रियवाल्यांना ते रुचत नाही, आणि त्यांची शंका निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ म्हटलं, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीड-नियंत्रण परवानाधारकांपुरता मर्यादित केला, निदान कागदावर. तरी पर्याय काय ते नीट मांडायला हवं. एका बाजूला वर्षातून एक-दोन फवारण्या आणि तोंडाला फडकंही न बांधता त्या करणारा मजूर. दुसऱ्या बाजूला दरवर्षी टनावारी माती, किंवा जुलैच्या चिखलात सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकलेल्या बायका, ज्यांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी आणि ज्यांच्या पाठदुखीची नोंद कुठल्याच ताळेबंदात नाही. माझा कौल असा: पहिली काही वर्षं तणनाशक कुबडी म्हणून चालेल, पण दाट पेरा, लवकर झाकणारं आंतरपीक आणि कुटाराचं आच्छादन यांनी दर वर्षी ती फवारणी कमी होतेय का, हे मोजत राहावं. पाचव्या वर्षीही तेवढीच लागत असेल तर आपण नांगराच्या जागी पंप आणला, एवढंच झालं. आणि हरळी-कुंद्याने भरलेल्या पट्ट्यात तीन-चार वर्षांतून एकदा नांगर घालावा लागला तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पऱ्हाटीचा पेच वेगळा आहे. गुलाबी बोंडअळीने 2017 मध्ये महाराष्ट्राचा कापूस खाल्ला, तेव्हापासून फरदड (कापसाचा लांबवलेला हंगाम) घेऊ नका, पऱ्हाटी रानात ठेवू नका, असा सल्ला एकमुखाने दिला जातो आणि तो बरोबरच आहे. वाळलेल्या, न उमललेल्या बोंडांत अळी दडून बसते. मग काडी न लावता पऱ्हाटी रानातच ठेवायची कशी? मार्ग दोन टप्प्यांचा आहे. शेवटच्या वेचणीनंतर रानात शेळ्या-मेंढ्या सोडायच्या. त्या पाला आणि कोवळी बोंडं साफ करतात. मेंढ्या बसवण्याचा रिवाज आपल्याकडे जुनाच आहे. धनगराचा वाडा रात्रीपुरता रानात बसवायचा आणि त्याबद्दल त्याला धान्य किंवा पैसे द्यायचे, हा लेंडी-मुताचा व्यवहार अनेक गावांत अजून टिकून आहे. मग ट्रॅक्टरच्या श्रेडरने पऱ्हाटीचा भुगा करून तिथेच पसरायचा. अडचण यंत्राच्या किमतीची आणि वेळेवर मिळण्याची आहे. पाच एकरवाल्याने श्रेडर घेण्यात अर्थ नाही. गटाने घ्यावा, भाड्याने फिरवावा.

बेवडाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. सोयाबीन कडधान्यासारखं जमिनीला नत्र देतं असं आपण धरून चालतो. आठ क्विंटल सोयाबीनच्या दाण्यातच सुमारे पन्नास किलो नत्र असतं, आणि झाड आपल्या गरजेच्या निम्म्या-साठ टक्क्यांच्या आसपासच नत्र हवेतून घेतं. दाणा बाजारात गेला आणि कुटार जाळलं की जमीन तुटीत राहते. सोयाबीनमागून सोयाबीन हा बेवड म्हणून निकृष्टच. मूळ उपटून गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला तर ती काम करतेय. पांढरी किंवा हिरवट असली तर नुसतीच गाठ आहे. तूर या हिशोबात उजवी: खोल मूळ, सहा-सात महिने रान झाकलेलं, पानगळ रानातच. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी, कापसात मूग किंवा उडीद, धुऱ्यावर अंबाडी आणि गिरिपुष्प, ही मांडणी जुन्या माणसांना शिकवायची गरज नव्हती. यातली पिकं बाजारातही विकली जातात, म्हणजे जमीन सुधारण्यासाठी हंगाम वाया घालवावा लागत नाही. नुसत्या ताग-धैंच्यासाठी कोरडवाहू शेतकऱ्याला खरीप मोकळा सोडायला सांगणं म्हणजे त्याच्या एकुलत्या पगाराचा महिना मागणं. आणि रब्बीत आच्छादन पीक घ्या म्हणावं तर दिवाळीनंतर गावाची गुरं मोकळी सुटतात, रात्री रोही आणि रानडुकरं येतात. त्यावर एकट्याने कुंपण घालून भागत नाही.

एवढं झाल्यावर, तीन-चार वर्षांनी, खताची पाळी येते. तीही सगळ्या रानावर एकदम नाही. चार तासांत (ओळींत) पाऊण मात्रा, चार तासांत पूर्ण, बाकी सगळं सारखं. काढणीला दोन्ही वेगळं मोजायचं. फरक पडला नाही तर पुढच्या वर्षी पाऊण मात्रा सगळीकडे आणि चार तासांत अर्धी. नत्र असं कमी होत जातं, कारण त्याला हवेतला पुरवठा आहे. स्फुरदाला तो नाही. दाण्याबरोबर जे स्फुरद बाजारात जातं ते शेणखताने किंवा गोणीने परत आणावंच लागतं, आणि सूक्ष्मजीव ते विरघळवतात म्हणून ते नव्याने तयार होत नाही. युरियाची गोणी 266 रुपयांना आणि डीएपीची 1350 ला मिळते तोवर माणसाचा हात युरियाकडेच जाणार, ही सरकारी धोरणाची करामत आहे. शेतकऱ्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवून ती झाकली जाते.

कार्बन क्रेडिटची आशा दाखवत कंपन्यांची माणसं गावात येऊ लागली आहेत. पटनचेरूचा वेग धरला तर एकरी वर्षाला 135 किलो कर्ब, म्हणजे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड. टनाला हजार रुपये मिळाले तरी पाचशे रुपये, त्यातून मोजणी आणि दलाली वजा. एका नांगरटीचंही भाडं निघत नाही. सही करण्याआधी हा गुणाकार करावा.

मोजण्याचीच रड मोठी आहे. 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना आहे, पण कोरडवाहू भागात नमुना दहा हेक्टरांच्या चौकटीतून घेतला जातो. पाच एकर म्हणजे दोन हेक्टर. पत्रिकेवर नाव एका शेतकऱ्याचं आणि माती बरीचशी शेजाऱ्यांची. ज्याने पाच वर्षं काडी लावली नाही त्याला आपल्या कष्टाचं फळ त्या कागदावर दिसणार नाही. त्याने स्वतःच्याच रानातल्या ठरलेल्या जागेवरून, ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या खोलीवरून नमुना काढून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत द्यावा, तीन वर्षांतून एकदा.

आणि ज्याची जमीनच नाही त्याचं काय? विदर्भात आज कित्येक रानं ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, किंवा बटाईने कसली जातात. मालक पुण्या-मुंबईत किंवा तालुक्याच्या गावी, कसणारा एका वर्षाच्या तोंडी बोलीवर. सहा वर्षांनी वाढणाऱ्या कर्बासाठी तो या वर्षीचं कुटार का सोडेल? मालक ठोका एका वर्षाचा ठेवतो कारण कुळाची भीती. 1948 चा मुंबईचा, 1950 चा हैदराबादचा आणि 1958 चा विदर्भाचा, या तीन कूळकायद्यांची धास्ती तिसऱ्या पिढीतही ओसरलेली नाही. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागेल म्हणून लेखी काही नको, आणि लेखी नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, मुदत नाही. नीती आयोगाने 2016 मध्ये आदर्श जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला होता. मालकी सुरक्षित ठेवून मुदतीचा लेखी करार करता यावा एवढाच त्याचा गाभा. तसा कायदा येईपर्यंत थांबण्याचं मात्र कारण नाही. हे वाचणाऱ्यांत गावाकडे पाच-दहा एकर असलेले आणि ती ठोक्याने दिलेले पुष्कळजण असतात. पुढच्या गुढीपाडव्याला बोली होईल तेव्हा ती तीन हंगामांची करता येते. पहिल्या वर्षाचा ठोका हजार-दोन हजारांनी कमी धरून त्या बदल्यात नांगरट एकदाच, काडी लावायची नाही, तुरीच्या ओळी दरवर्षी, एवढं ठरवता येतं. श्रेडरचं भाडं मालकाने द्यावं. सुधारलेली जमीन शेवटी त्याच्याच नावावर राहणार आहे.